कुत्र्याचा घास

डॉक्टर झंखना देसाईंनी नळी पोपटजीच्या छातीवर ठेवली आणि ती उचललीच नाही. एवढंच झालं. दरवर्षी इंजेक्शन टोचायच्या आधी त्या नळी लावत, दोन-चार ठोके ऐकत, नळी गळ्यात टाकत, आणि हे सगळं होईपर्यंत तेहमुलची बहीण हिल्ला बोलत असे. या वर्षीही ती बोलत होती. पोपटजी खोकतो तो निव्वळ लाडानं, त्याच्या आधीचा कुत्राही असाच ढोंगी होता, खालच्या दुकानातल्या डाळीच्या लोच्याला आता पूर्वीची चव राहिली नाही, असं बरंच काही. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे न बघता डावा हात वर केला आणि हिल्ला गप्प झाली. आपली बहीण नुसत्या हाताच्या खुणेनं गप्प होते हे तेहमुलनं एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. वडिलांनी प्रयत्न केला होता, अग्यारीतल्या दस्तुरजींनी केला होता, एकदा कलेक्टरनंही केला होता. त्यामुळे भीती वाटायच्या आधी त्याला आदर वाटला. मग त्याचं लक्ष त्या बाईच्या मानेकडे गेलं. मान किंचित कललेली, डोळे उघडे पण कशाकडेच न बघणारे. सुरतच्या पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं तो जमिनीला लाकडी काठी लावून, काठीचं दुसरं टोक कानाला लावून, खाली कुठे नळ गळतोय ते ऐकत हिंडला होता. अशी मान त्यानं एकाच माणसाची पाहिली होती, स्वतःची, आणि तीही खात्यातल्या कुणीतरी काढलेल्या फोटोत. मान अशी कलली की रस्ता खणावा लागतो. आता त्याला भीती वाटली.

"आवाज आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हृदयातली एक झडप नीट मिटत नाहीये, काका. रक्त पुढे जायचं ते थोडं मागे येतं. सहापैकी पाच."

पाच ऐकून तेहमुल क्षणभर सुखावला. त्यांच्या घराण्यात सहापैकी पाच कुणालाच, कशातच मिळाले नव्हते.

"सहाला पास?" हिल्लानं विचारलं.

"सहा म्हणजे सगळ्यात वाईट, मासी. बुधवारी आणा. मशीनवर बघू."

पोपटजी हा डॅशहंड होता. हिल्लाला पोपट हवा होता. तेहमुल पोपट आणायला म्हणून गेला आणि हे लांबुळकं काळं पिल्लू घेऊन आला, तेव्हा तिनं वाद घालायचं सोडून त्याचं नाव पोपटजी ठेवलं आणि पहिले सहा महिने त्याला हिरव्या मिरच्या दाखवत राहिली. पिल्लाच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तपकिरी ठिपका होता. त्या ठिपक्यांनी सगळं ठरवून टाकलं. नानपुऱ्यातल्या त्यांच्या धनमाई बागेत, पारशांच्या वसाहतीत, तेवीस घरं, एक्केचाळीस माणसं, सरासरी वय चौऱ्याहत्तर, आणि आता एक चार डोळ्यांचा कुत्रा. पारशांत माणूस गेला की त्याला उचलायच्या आधी कुत्र्यानं एकदा बघावं लागतं, आणि चार डोळ्यांचा असेल तर त्याहून उत्तम. तेव्हापासून बागेत कुणी गेलं की एरचशा दस्तुरजी आधी तेहमुलच्या दाराशी येत आणि त्याच्याशी न बोलता खाली वाकून म्हणत, "साहेबजी पोपटजी, चला." पोपटजी जाई. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाकडे बघे. तेहमुलला दर वेळी आपले वडील आठवत. डॉक्टरनं कागद लिहून दिला होता, शेजारी जमले होते, आणि आई मात्र स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती, कारण तिच्या मते अजून काहीच झालेलं नव्हतं. मग अंत्यविधीच्या बंगलीवरचा कुत्रा आणला. त्यानं वडिलांकडे पाहिलं, जांभई दिली आणि मान वळवली. दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईच्या हातातलं पातेलं तेव्हा खाली पडलं. वाटाणे पलंगाखालपर्यंत गेले, आणि ते वेचताना ती जी रडली ते तेहमुलच्या पोटात अजून तसंच बसलं होतं. माणसाच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. कुत्रा खोटं बोलणार नाही. आणि आता या चार डोळ्यांच्या कुत्र्याकडे कोण बघणार, हा प्रश्न तेहमुलला रिक्षात पडला, तर त्याच्या डोळ्यांपुढे ती कललेली मान आली आणि त्याला जरा बरं वाटलं.

बुधवारी त्यांच्या आधी एका मेमण बाईंची मांजर होती. तिचं गर्भाशय काढायचं होतं आणि भूल देण्याआधी हृदय तपासायचं होतं, पण मांजर घुरघुरत होती. नळीतून घुरघुरीशिवाय काही ऐकू येईना. बाई अभिमानानं सांगत होत्या, "आमची शहजादी आहेच खुशमिजाज." सगळे मांजरीला थोडं दुःखी करायच्या मागे लागले. कुणी तिच्या नाकाशी स्पिरिटचा बोळा धरला, कुणी टाळी वाजवली. शहजादी आणखी खूष झाली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काय केलं, तर कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडला. नुसता सोडला. पाण्याची धार ऐकताच मांजरीनं कान वळवले आणि ती थांबली. त्या तेवढ्या शांततेत बाई झुकल्या, ऐकलं, नळ बंद केला. तेहमुलनं चौतीस वर्षांत शहराला किती पाणी पाजलं असेल, पण पाण्याचा असा उपयोग त्याच्या खात्याला कधी सुचला नव्हता. उठून डॉक्टरीणबाईंशी हात मिळवावा असं त्याला वाटलं. तो लाजाळू असल्यामुळे त्यानं बसल्या जागी स्वतःच्याच गुडघ्यावर थोपटलं.

मशीनच्या खोलीत पडदे ओढलेले होते. टेबलाला मधोमध एक गोल भोक होतं. पोपटजीला उजव्या कुशीवर निजवलं, त्याच्या छातीचा केस काढलेला तुकडा बरोबर त्या भोकावर आला, आणि बाईंनी हात टेबलाखालून घालून यंत्राचं टोक खालून लावलं. तेहमुलनं पुढचे पाय धरले होते. पोपटजी त्याच्याकडे बघत होता, म्हणजे अर्धा त्याच्याकडे आणि अर्धा आपल्या खाली हे कोण आलंय याच्याकडे. मग पडद्यावर राखाडी धुकं हललं आणि त्या धुक्यात एक दार उघडलं. मिटलं. उघडलं. तेहमुल धरायचं विसरला. अकरा वर्षं हे जनावर आपल्या पायांवर निजत आलंय आणि त्याच्या आत सगळा वेळ कुणीतरी हे काम करत होतं. सुट्टी नाही, रजा नाही, खात्याचं परिपत्रक नाही. त्याला भरून आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो गंभीरपणे म्हणाला, "झडपेचं डावीकडचं पान वर जास्त जातंय."

डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलं. "बरोबर. तुम्ही कशात होतात, काका?"

"पाण्यात."

"तरीच." त्यांनी एक बटण दाबलं आणि धुक्यात रंग आले. लाल जवळ येणारं, निळं दूर जाणारं, आणि दार मिटायच्या क्षणी फटीतून मागे उसळणारा हिरवा-पिवळा फवारा. मागे येणारं पाणी. तेहमुल ओळखीच्या माणसाकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत राहिला. फवाऱ्यामुळे मागचा कप्पा फुगला होता; तो आणखी फुगला की फुप्फुसात पाणी साचणार. दार बदलता येत नाही, बाई म्हणाल्या, पण दाब कमी ठेवता येतो. दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. तो निजला की मिनिटाला किती श्वास घेतो ते रोज मोजायचं, तीसच्या खाली राहिले पाहिजेत. वर गेले तर फार दिवस हातात नाहीत. "आणि मीठ नाही. मीठ पाणी धरून ठेवतं. काय खातो हा?"

"उकडलेलं चिकन, भात, दुधी. मीठ शून्य," तेहमुल म्हणाला. हिल्लानं शपथेवर मान हलवली. दोघंही खरं बोलत होते.

दुपारी सुरत झोपते. सुरतेबरोबर बाग झोपते आणि बागेबरोबर पोपटजी. तेहमुल त्याच्या शेजारी फरशीवर मांडी घालून, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून बसे. बरगड्या वर, खाली: एक. त्याला आयुष्यात कुणाचा श्वास मोजायची वेळ आली नव्हती. लग्न झालं नव्हतं. आई गेली तेव्हा तो कतारगामला फुटलेल्या नळावर होता. आता एका मिनिटाला तो इतकं लक्ष देत होता की मिनिट संपल्यावर त्याला ते कुठेतरी ठेवून द्यावंसं वाटे. सत्तावीस. अठ्ठावीस. दुसऱ्या आठवड्यात एकतीस. हिल्ला म्हणाली, "तू मोजतोस म्हणून तो घाबरतो. कुणी माझे मोजले तर मीसुद्धा साठ घेईन." तेहमुल पडद्याआड लपून मोजू लागला. चौतीस. गोळ्या वेळेवर जात होत्या. त्यातल्या एका गोळीनं पोपटजी इतका मुतत होता की हिल्लानं गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालणं बंद केलं होतं. तरी छत्तीस.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी लावली, पुन्हा टेबलाच्या भोकाखालून बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "काका, ह्याच्या पोटात मीठ जातंय."

"आमच्याकडे?" हिल्ला उसळली. "अग डिकरी, आम्ही याच्यासाठी वेगळं पातेलं घेतलंय! त्याच्यावर मी रंगानं लिहिलंय, पोपटजी!"

बाई भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "मी फक्त ऐकते, मासी. जे आहे तेच ऐकू येतं." परतीच्या वाटेवर तेहमुल दुखावलेला होता. पण दुखावलेपणाच्या खाली दुसरं काहीतरी झिरपत होतं, आणि ते कुठून येतंय ते त्याला सापडेना. जमिनीखाली पाणी वाहतं तेव्हा वर सगळं कोरडं असतं. लोक म्हणतात, साहेब, इथे काही नाही. काठी मात्र सांगते की आहे.

ते रविवारी सापडलं. मटणाच्या डाळीचं धानसाक होतं. तेहमुल ताटावर बसला, डोळे मिटून मनातल्या मनात म्हणायचं ते म्हणाला, आणि डोळे उघडले तेव्हा त्याला आपला उजवा हात दिसला. हात काहीतरी करत होता. हातानं भातात धानसाक कालवलं होतं, त्याचे तीन घास केले होते, वर कचुंबरातला कांदा ठेवला होता, आणि ते तिन्ही घास डावीकडच्या छोट्या स्टीलच्या बशीत काढून हात ताटाकडे परत येत होता, जसा तो नवजोत, म्हणजे पारशांची मुंज, झाली तेव्हापासून, सात वर्षांच्या वयापासून, रोज दोन वेळा येत होता. कुत्र्याचा घास. आपण जेवायच्या आधी कुत्र्याचा वाटा काढायचा. बाप काढायचा, बापाचा बाप काढायचा. बशी खाली ठेवली गेली. पोपटजी आला, तीन घास गेले. तेहमुल हाताकडे बघत राहिला. तो हात त्याला सरकारी वाटू लागला, कुणाच्या तरी जुन्या हुकुमावर काम करणारा, हुकूम काढणारे कधीच निवृत्त झालेले. काय खातो हा, असं विचारलं तेव्हा हा घास त्याच्या मनात आलाच नव्हता. ते खाणं नव्हतंच. तो धर्म होता. धर्मात मीठ असतं हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"हिल्ला," तो म्हणाला, "तू काढलास घास?"

"म्हणजे काय? काढल्याशिवाय जेवेन?"

तेवढ्यात पोपटजीनं ओठ चाटले आणि तो दाराच्या फटीतून बाहेर पडला. रोज पडायचा. पाय मोकळे करायला जातो अशी घरात समजूत होती. तेहमुल उठला आणि अनवाणीच त्याच्या मागे गेला. पोपटजी घाईत नव्हता. टपाल वाटणाऱ्या माणसाच्या चालीनं तो पहिल्या दाराशी थांबला, बशी आली, तीन घास. दुसरं दार, पात्रानी मच्छी, तीन घास. तिसऱ्या दाराला खिमा आणि वर वाळलेल्या कोलंबीचा चुरा. बंगलीवरचा कुत्रा मेल्यापासून आणि गल्लीतली कुत्री गाडीतून नेल्यापासून नानपुऱ्याच्या त्या कोपऱ्यात वाटा घ्यायला एकच जीव उरला होता. तेवीस घरं, एक्केचाळीस ताटं. तेहमुलनं गुणाकार केला आणि जिन्याचा कठडा धरला. एकशे तेवीस घास, आणि तेही एका वेळचे. पिढ्यान्‌पिढ्यांचं पुण्य एका साडेनऊ किलोच्या कुत्र्यात उतरत होतं, आणि त्याच्या छातीतलं दार ते मिटून धरायला धडपडत होतं.

"मी कुठे भरवतो त्याला?" शेजारचा केकी भरुचा दारातच गरम झाला. "मी फक्त घास देतो! तीन घासांनी कधी कुणी मेलंय?"

"तीननी नाही, केकीअंकल. एकशे तेवीसनी."

"मग बाकीच्यांना सांग बंद करायला!"

प्रत्येक दारात हेच. पुढे जे झालं ते हिल्लानं केलं. ती आधी दस्तुरजींकडे गेली. एरचशा दस्तुरजी दाढी कुरवाळत म्हणाले, "घास आधी काढावा असं आहे. खारट काढावा असं मी तरी कुठे वाचलं नाही." एवढ्या आधारावर हिल्लानं एका सकाळीत एकवीस घरं घेतली. मीठ पडायच्या आधी पोपटजीचा वाटा काढायचा. त्यावर मीठ पडायच्या आधीच्या धानसाकाला धानसाक म्हणावं का यावर दोन दिवस वाद चालला. केकीनं तत्त्व म्हणून स्वतःचंही मीठ सोडलं आणि तिसऱ्या दिवशी तत्त्व सोडलं. पण घरचं धरून बावीस घरं वळली. तेहमुलनं ते गॅलरीतून पाहिलं. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी तो साहेबजी आणि गरम फार आहे यापलीकडे बोलला नव्हता, ती माणसं आता खालून ओरडून विचारत, "आज किती?" आणि तो बोटांनी दाखवी. पस्तीस. तेहतीस. बत्तीस. मग आकडा बत्तीसवर बसला तो हलेचना.

तेविसावं घर जेरबानूमायचं. ब्याण्णव वर्षांची. तिच्याशी हिल्ला एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून बोलत नव्हती, लग्नाच्या एका कस्टर्डवरून, आणि आता बोलून काही उपयोगही नव्हता, कारण जेरबानूमाय पार बहिरी झाली होती. यंत्र कानात घालायला ती तयार नव्हती. या वयात नवीन ऐकण्यासारखं काय उरलंय, असं तिचं म्हणणं. ती स्वतः चिमणीएवढं खाई आणि जवळजवळ सगळं ताट घास म्हणून खाली ठेवी. म्हणजे तिथे तेहमुललाच जायला हवं होतं, आणि नुसतं जाऊन भागणार नव्हतं, ओरडायला हवं होतं. तीन दिवस तो तिच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आला. काय ओरडणार? तुमचा घास त्याला मारतोय? जिच्या ताटाशी दिवसभरात दुसरं कुणीही येत नाही तिला? डॉक्टरीणबाईंनी काय केलं असतं, याचा तो विचार करत राहिला. त्या बाईला ओरडताना त्यानं पाहिलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी तो पोपटजीच्या मागोमाग आत शिरला. जेरबानूमाय खिडकीशी ताट घेऊन बसली होती. तळलेले बोंबील, बाजूला लोणचं.

"कोण, मरोलियाचा मुलगा? वाढदिवस आहे का कुणाचा?"

"जेरबानूमाय, मीठ..." तेहमुल म्हणाला, स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल असं.

"बस, बस. उभा काय राहतोस वसुलीला आल्यासारखा." तिनं बोंबलाचे तुकडे मोडले आणि पोपटजीला जवळ ओढला. ऐकू येत नसल्यामुळे ती सगळ्यांशी हातांनी बोले. तिचा हात त्याच्या पाठीवरून पोटाकडे, पोटाकडून छातीकडे गेला, केस काढलेल्या जागेवर आला, आणि थांबला. तो उचललाच गेला नाही. तिची मान हळूहळू एका बाजूला कलली.

"हे काय करतंय आत?" ती म्हणाली. "पेटीत भुंगा कोंडल्यासारखं? ए, इकडे ये. हात आण."

तिनं त्याचं मनगट पकडून त्याचा तळवा तिथे दाबला. त्यानं पडद्यावर पाहिलं होतं, रंग पाहिले होते, रोज श्वास मोजले होते, पण तिथे हात कधी लावला नव्हता. बोटांखाली ते थरथरत होतं. प्रत्येक ठोक्याला एक बारीक, चिवट कंप, दार मिटतंय, पुरतं मिटत नाही, तरी पुन्हा मिटतंय. त्याच्या हाताच्या वर तिचा हात होता, कागदासारखा, आणि त्यातही काहीतरी धडधडत होतं. कुणाचं कुठलं ते त्याला वेगळं करता येईना.

"दुखतं का त्याला?" तिनं विचारलं.

तेहमुलनं मान हलवली, नाही. मग दुसऱ्या हातानं ताटातल्या बोंबलाकडे बोट केलं, लोणच्याकडे केलं, मिठाच्या वाटीकडे केलं, पोपटजीच्या छातीकडे केलं, आणि पुढे काय करावं ते न कळून स्वतःचे गाल फुगवून दाखवले.

त्याला वाटलं, आता ही शिव्या देणार.

"मला वीस वर्षांपूर्वी डॉक्टरनं हेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी त्याला म्हटलं, मेल्या, तू मीठ सोड. तो गेला, मी आहे." तिनं लोणचं ताटाच्या पार कडेला सारलं. पाण्याचा ग्लास पुढे ओढला, बोंबलाचा एक तुकडा उचलला, त्यात बुचकळला, बोटांनी सगळा मसाला खरवडून काढला. दुसऱ्यांदा बुचकळला. तिसऱ्यांदा. ग्लासातलं पाणी पिवळं झालं आणि तुकडा एखाद्या आजारी माणसासारखा पांढरा. तो तिनं पोपटजीला न देता तेहमुलच्या तोंडापुढे धरला.

"आधी तू. मीठ राहिलं असेल तर सांग. माझ्या जिभेला आता कळत नाही."

तेहमुलनं तोंड उघडलं. तिनं तुकडा आत सारला. तो ओला होता, गार होता, आणि त्याला कशाचीही चव नव्हती. तो सावकाश चावत राहिला.

"काय?" ती म्हणाली. "बोल की!"

"अळणी आहे," तो म्हणाला.

"काय?"

तेहमुलनं छाती भरून श्वास घेतला. "अळणी!" तो ओरडला. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. "एकदम अळणी! फार छान झालंय!"

बागेची दुपारची झोप मोडली. समोरच्या तीन खिडक्या उघडल्या, केकी भरुचा लेंगा सावरत गॅलरीत आला, आणि हिल्ला कुठूनतरी किंचाळली, "तेहमुल? काय झालं?" जेरबानूमायनं दुसरा तुकडा पाण्यात बुचकळला होता. पोपटजी ग्लासाकडे बघत, बूड फरशीला टेकून, आपली पाळी यायची वाट बघत बसला होता.